जिमीची हाक: पॅरिस ते कामोठे, मॉस्कोमार्गे

'जिमी जिमी जिमी आजा' हे 'डिस्को डान्सर' या हिंदी चित्रपटातले गाणे. चित्रपट डिसेंबर १९८२मध्ये प्रदर्शित झाला. संगीत बप्पी लाहिरी यांचे, शब्द अंजान यांचे, आवाज पार्वती खान यांचा. पडद्यावर मिथुन चक्रवर्ती आणि किम होते, दिग्दर्शन बी. सुभाष यांचे. मुंबईत तयार झालेल्या फार थोड्या गाण्यांनी या गाण्याइतका मुलूख पालथा घातला असेल. तरीही त्याची हकिकत सांगताना बहुधा लाहिरी आणि मिथुन ही दोनच नावे घेतली जातात. ज्यांच्या गळ्यातून ते गाणे निघाले त्या पार्वती खान यांचे नाव आज डिस्कोच्या चाहत्यांनाही चटकन आठवत नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

डिस्को भारतात आला तो अमेरिकेत त्याला उतरती कळा लागल्यावर. 'सॅटरडे नाइट फीवर' या १९७७च्या चित्रपटाने हे नृत्यसंगीत न्यूयॉर्कच्या क्लबांतून जगभर नेले. पण १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्यानंतर अमेरिकी कंपन्यांनी या संगीताकडे पाठ फिरवली. युरोपात मात्र ते जोरात होते, आणि हिंदी चित्रपटाने ते तिथूनच उचलले.

वाट मोकळी केली ती 'कुर्बानी' चित्रपटातल्या 'आप जैसा कोई' या १९८०च्या गाण्याने. मूळचे बंगळूरचे, लंडनमध्ये स्थायिक झालेले संगीतकार बिद्दू यांनी ते तिथेच ध्वनिमुद्रित केले. कार्ल डग्लसचे 'कुंग फू फायटिंग' हे १९७४चे जगप्रसिद्ध गाणे याच बिद्दूंच्या हातचे. गायिका नाझिया हसन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. या गाण्याची चाल जितकी नवी, तितकाच त्याचा आवाजही नवा होता. मुंबईत तेव्हाही बरेचदा अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी बसवून गाणे घेतले जाई. लंडनमध्ये प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेऊन मग त्यांचे मिश्रण होत असे, त्यामुळे ड्रम आणि बेस ठसठशीत, सुटे ऐकू येत. 'कुर्बानी'नंतर मुंबईच्या प्रत्येक निर्मात्याला तसा ठोका हवा होता.

तो ठोका पुरवायला लाहिरी तयारच होते. जन्म १९५२चा, जलपायगुडीचा. वडील अपरेश आणि आई बांसरी दोघेही गाण्यातले. 'प्यारा दुश्मन' आणि 'अरमान' या चित्रपटांत उषा उथुप यांच्या भरदार आवाजावर त्यांनी डिस्कोचा प्रयोग 'डिस्को डान्सर'च्या आधीच केला होता. त्यांच्या कामाचा वेग अचाट होता. १९८६ या एका वर्षात त्यांनी ३३ चित्रपटांसाठी १८०हून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अशा वेगात प्रत्येक चाल स्वतःची असणे शक्य नव्हते, आणि ती नसेही.

'जिमी'चा मुखडा आला फ्रान्समधून. ओट्टावान या जोडीचे 'तॅ ओके' हे गाणे १९८०मध्ये युरोपात गाजले होते. त्याचे कर्ते डॅनियल वँगार्ड आणि जाँ क्लुगर. यांपैकी वँगार्ड हे पुढे 'डाफ्ट पंक' या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडीतून नावारूपाला आलेल्या तोमा बँगाल्तेरचे वडील. 'डिस्को डान्सर'मधल्या 'कोई यहाँ नाचे नाचे'वर बगल्सच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' या १९७९च्या गाण्याची अशीच छाप आहे. ही उचल लपून राहिलेली नाही आणि तिचे समर्थन करण्याचेही कारण नाही. पण केवळ चाल उचलून गाणे होत नाही. ओट्टावानचे गाणे खेळकर आहे. एकमेकांवर खूश असलेल्या दोघांनी गावे तसे. मुंबईत तो मुखडा एका करुण प्रसंगात येऊन पडला आणि त्याचा भाव बदलला.

तो प्रसंग असा. नायक अनिल लहानपणी मुंबईच्या रस्त्यावर गाणी गाऊन पोट भरतो. एका श्रीमंताच्या घरच्या गिटारवरून त्याच्यावर आणि त्याच्या आईवर चोरीचा आळ येतो, दोघे शहर सोडतात. मोठेपणी तो 'जिमी' नावाने डिस्कोचा राजा होतो. त्याला मारण्यासाठी गिटारमध्ये विजेचा प्रवाह सोडला जातो, त्यात आईचा जीव जातो आणि जिमीला गिटारची धास्ती बसते. मग आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या मंचावर तो गोठून उभा राहतो. त्याला पुन्हा गाता करण्यासाठी नायिका रीटा त्याचे नाव घेऊन आळवू लागते. नायकाच्या नावाने गाजलेल्या या डिस्को गाण्यात नायक गातच नाही. ठोका नाचाचा आणि स्वर आर्जवाचा, ही या गाण्याची खरी ताकद.

कथा-पटकथा राही मासूम रझा यांची. 'आधा गाँव' ही कादंबरी लिहिणारे आणि पुढे दूरदर्शनवरच्या 'महाभारत'चे संवाद लिहिणारे तेच रझा. चित्रपटाचे छायाचित्रण त्यांचे पुत्र नदीम खान यांनी केले, आणि पार्वती खान या नदीम यांच्या पत्नी. त्या मूळच्या त्रिनिदादच्या, म्हणजे वेस्ट इंडिजमध्ये मजूर म्हणून नेल्या गेलेल्या भारतीयांच्या वंशातल्या. त्यांच्या आवाजात तेव्हाच्या हिंदी पार्श्वगायनातली ठरावीक गोडी नाही. स्वर किंचित सपाट, मोकळा आणि थेट, उच्चार थोडा परका. मंगेशकर भगिनींच्या सावलीत वाढलेल्या कानांना तो वेगळा वाटणारच होता, आणि या गाण्याला तो वेगळेपणाच हवा होता. विजय बेनेडिक्ट या नवख्या गायकाला शीर्षकगीत देणे हाही त्याच निवडीचा भाग.

चित्रपट आला त्या वर्षाचे मुंबईतले वातावरणही लक्षात घ्यायला हवे. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. त्याच शहरात एका श्रीमंताने चोर ठरवलेला पोरगा झगमगत्या कपड्यांत परत येतो आणि सर्वांना नाचवतो, ही कथा पडद्यावर आली. तिच्यातला राग खोटा नव्हता. मिथुन यांचे नृत्य, 'मृगया'साठी १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या या विद्यार्थ्याचा अभिनय, आणि आखाती देशांतून घरोघर येऊ लागलेले टेपरेकॉर्डर यांनी गाणे गल्लोगल्ली नेले. समीक्षकांनी चित्रपटाला फारसे मोजले नाही.

खरा विक्रम झाला तो सोव्हिएत संघात. राज कपूरच्या 'आवारा'ने १९५४मध्ये तिथे हिंदी चित्रपटाचा जो प्रेक्षकवर्ग तयार केला होता, त्याच्या पुढच्या पिढीला १९८४मध्ये 'डिस्को डान्सर' मिळाला. सुमारे ६ कोटी तिकिटे विकली गेली. जगभरात १०० कोटी रुपयांचा टप्पा गाठणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते, ते मुख्यतः या कमाईमुळे. पाश्चात्त्य पॉप संगीत तिथे सरकारी चाळणीतून येत असे. भारत मात्र मित्रदेश. त्यामुळे डिस्को अनेक गावांत पोहोचला तो न्यूयॉर्कहून नव्हे, मुंबईहून. मध्य आशियाच्या प्रजासत्ताकांत तर हे गाणे लग्नाकार्यांत शिरले.

त्याचा सर्वांत हृद्य पुरावा २००८च्या सुमारास पुढे आला. बैमुरात अल्लाबेरियेव हा ताजिकिस्तानातून मजुरीसाठी रशियात आलेला माणूस मॉस्कोजवळच्या कोलोम्ना शहरात एका गोदामात हमाली करत होता. कामातून उसंत मिळाली की तो बादलीवर ताल धरून 'जिमी' म्हणे. गायिकेचा उंच स्वर, मधल्या तंतुवाद्यांचे आणि सिंथेसायझरचे तुकडे, सगळे तो एकट्याच्या तोंडाने काढी. हिंदी येत नसताना शब्द कानावरून जसेच्या तसे उचललेले. सहकाऱ्यांनी मोबाइलवर चित्रण केले, ते इंटरनेटवर पसरले आणि 'ताजिक जिमी' या नावाने तो रशियाभर ओळखला जाऊ लागला. नंतर त्याने मंचावर कार्यक्रम केले, 'योल्की' या २०१०च्या रशियन चित्रपटातही तो दिसला. मध्य आशियाई मजुरांकडे रशियात तुच्छतेने पाहिले जात असताना एका हमालाला लोकांनी थांबून ऐकले, हे या गाण्याचे मोठे यश मानावे लागेल.

लंडनमध्ये जन्मलेल्या श्रीलंकन तमिळ गायिका एम. आय. ए. यांनी २००७च्या 'काला' या अल्बममध्ये 'जिमी' नव्याने गायले. लहानपणी घरगुती समारंभांत त्या याच गाण्यावर नाचत असत. त्यांनी मूळ चाल ठेवली आणि शब्दांत आफ्रिकेतल्या युद्धग्रस्त भागांचे उल्लेख आणले.

मुंबईच्या आसपास या गाण्याचा संसार वेगळा आहे. पनवेलजवळचे कामोठे घ्या. हे मूळचे आगरी गाव. सिडकोच्या आराखड्यात आले, इमारतींनी वेढले गेले, मानसरोवर आणि खांदेश्वर या स्थानकांमुळे हार्बर मार्गाला जोडले गेले आणि २०१६पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी लग्नांत लग्नगीते गाणाऱ्या धवलारणीच्या धवळ्यांची परंपरा जुनी, पण हळदीच्या रात्री अंगण गाजते ते बेंजोवर. हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचे विजेवर चालणारे रूप. त्याचा पूर्वज 'ताइशोगोतो' हे वाद्य गोरो मोरिता यांनी १९१२च्या सुमारास जपानमधल्या नागोयात तयार केले. डाव्या हाताने बटणे दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या; तारांखाली पिकअप बसवून आवाज अॅम्प्लिफायरवर काढायचा. सोबत ढोल, ताशा आणि ऑक्टोपॅड. गळ्याच्या बारीक हरकती या वाद्यात नीट येत नाहीत. थोडक्या सुरांत फिरणारा, तोच तुकडा पुन्हा पुन्हा घेणारा मुखडा मात्र त्यावर खणखणीत वाजतो, आणि 'जिमी'चा मुखडा नेमका तसा आहे. कोळीगीतांच्या पाठोपाठ ऐंशीच्या दशकातला डिस्को या वाद्यावर सहज बसतो तो यामुळेच. मुंबईच्या बेंजो पथकांवर रवी जाधव यांनी २०१६मध्ये 'बँजो' हा हिंदी चित्रपटही केला. डीजे आल्यावर पथकांची कामे कमी झाली, पण ठोका बदलला नाही.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी लाहिरी मुंबईत वारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चीनमध्ये कोविडच्या कडक टाळेबंदीला कंटाळलेले लोक रिकामी भांडी कॅमेऱ्यासमोर धरून 'जिमी'च्या चालीवर चित्रफिती करू लागले. गाण्यातले नाव चिनी भाषेतल्या 'तांदूळ द्या' अशा अर्थाच्या शब्दांसारखे ऐकू येते. सरकारविरोधी मजकूर झटपट पुसणाऱ्या चिनी यंत्रणेच्या नजरेतून जुन्या हिंदी गाण्याआडची तक्रार काही काळ निसटली. पुढच्याच महिन्यात लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात 'डिस्को डान्सर'चे संगीतनाट्य रंगमंचावर आले. ते सारेगामा कंपनीने उभे केले होते.

या साऱ्या पुनर्जन्मांचा पैसा कुणाकडे गेला, हा प्रश्न उरतो. स्वतः लाहिरी यांना चाल उचलण्याची दुसरी बाजूही अनुभवाला आली. त्यांच्या 'ज्योति' चित्रपटातल्या लता मंगेशकरांच्या 'थोडा रेशम लगता है' या गाण्याचा तुकडा ट्रुथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेने २००२मध्ये परवानगीविना वापरला. तेव्हा लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३मध्ये लाहिरींचे श्रेय दिल्याशिवाय तो अल्बम विकण्यास मनाई केली. चाली उचलणाऱ्या संगीतकाराला न्याय मिळाला हे योग्यच झाले. ओट्टावानच्या कर्त्यांना मात्र 'डिस्को डान्सर'च्या श्रेयनामावलीत जागा मिळाली नव्हती. भारतात चित्रपटगीताचे हक्क प्रथेने निर्मात्याकडून ध्वनिमुद्रिका कंपनीकडे जात. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर रॉयल्टीचा समान वाटा मागण्याचा हक्क दिला, गायकांसाठीही कायद्यात तरतूद केली आणि २०१३मध्ये गायकांची स्वतंत्र हक्कसंस्था उभी राहिली. अंजान १९९७मध्येच वारले होते. गिटार, ड्रम, ट्रम्पेट, व्हायोलिन वाजवणाऱ्या वादकांचा, ज्यांत गोव्याहून आलेले अनेक होते, व्यवहार ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच्या मेहनतान्यावर संपत असे आणि तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावे क्वचितच छापली जात. त्यांच्या मुलाखती गोळा करून ग्रेगरी बूथ यांनी २००८मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदातली कित्येक नावे त्यामुळे पहिल्यांदा पुस्तकात आली.