खुडूक कोंबडी आणि तिचे पिवळे पाय

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ-आगाशीकडच्या वाड्यांत, काही घरांमागे अजून गावठी कोंबड्या चरतात. माणसाळल्यावर प्राण्यात काय काय बदलतं, ते तिथेच नीट पाहता येतं.

आधी पाय बघा. काहींचे सुरमई, काहींचे पिवळेधमक. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. म्यानमार, उत्तर थायलंड आणि नैर्ऋत्य चीन या पट्ट्यातल्या त्याच्या उपजातीपासून कोंबडी माणसाळली, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकीय अभ्यास सांगतो. पण या पक्ष्याची कातडी पिवळी नसते. तो रंग आला राखी रानकोंबड्याकडून, हे स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. हा पक्षी फक्त भारतात आढळतो. तुंगारेश्वराच्या पलीकडे पसरलेला सह्याद्री हे त्याचं घर. मक्यातला, पाल्यातला पिवळा रंग कातडीत पोचला की एक विकर त्याचे तुकडे करतं. राखी रानकोंबड्याकडून आलेलं जनुक असलं की कातडीत हे विकर फारसं तयार होत नाही आणि रंग साचत जातो. म्हणजे माणसाळलेल्या कोंबडीचा कधीतरी आपल्याकडच्या रानपक्ष्याशी संकर झाला, आणि ती खूण आज जगभरच्या कोंबड्यांच्या पायांवर दिसते.

रंगापेक्षा मला स्वभावातला बदल जास्त महत्त्वाचा वाटतो. गावठी कोंबडी खुडूक झाली की पिसं फुलवून अंड्यांवर बसते, हात घातला तर टोचते, दाणापाण्यापुरती उठते. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा हा प्रभाव. २१ दिवस उबवण, पुढे कित्येक आठवडे पिल्लांची राखण. तोवर अंडी बंद. अंड्यांचा धंदा करणाऱ्याला हा तोटा. म्हणून जी कोंबडी खुडूक होत नाही तिचीच अंडी पुढच्या पिढीसाठी ठेवली गेली आणि उबवण यंत्राकडे गेली. जनुकांचं नावही ठाऊक नसताना, निव्वळ निवडीतून हे घडलं. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, व्हाइट लेगहॉर्न तीनशेच्या आसपास. पण तिचं अंड्यांवर बसणं जवळजवळ संपलं.

एका गुणाची निवड केली की इतर गुणही हलतात. स्वीडनच्याच लिंकोपिंग विद्यापीठात तांबड्या रानकोंबड्यांतून फक्त माणसाला कमी भिणारे पक्षी निवडून त्यांची पैदास केली गेली. वजनाकडे कुणी पाहिलं नव्हतं. तरी थोड्याच पिढ्यांत हे पक्षी अंगाने मोठे भरले, आणि दहा पिढ्यांनंतर त्यांचा मेंदू शरीराच्या मानाने लहान निघाला.

रानकोंबडी एका टोकाला आणि लेगहॉर्न दुसऱ्या; गावठी कोंबडी या दोन टोकांच्या मध्ये आहे. माणसाच्या पायात घोटाळते, पण घार दिसली की वेगळ्याच आवाजात ओरडून पिल्लांना पंखाखाली घेते. मोकळी असली तर रात्री झाडाची फांदी गाठते. वनराजासारखी सुधारित कोंबडी अंडी जास्त देते, पण सहसा खुडूक होत नाही. नवी पिल्लं उबवणी केंद्रातून आणावी लागतात. तुमच्या वाडीत नेटाने बसणारी, पिल्लं नीट वाढवणारी एखादी कोंबडी असेल, तर तिची सगळी अंडी खाऊ नका. चार तिच्याखाली ठेवा, आणि त्यांतल्या एक-दोन तलंगा पुढच्या वर्षासाठी राखा.