मॅन्युअलचा मूळ घटक कोणता? डॉकबुक, डिटा आणि एस१०००डी

आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या त्रयीने १९६९मध्ये जीएमएलची मुहूर्तमेढ रोवली, १९८६मध्ये एसजीएमएलला आयएसओची मान्यता मिळाली आणि १९९८मध्ये एक्सएमएल आली. टेक्निकल रायटिंगमध्ये मुरलेल्या कोणालाही हा इतिहास पाठ असतो. मजकूर दिसतो कसा, यापेक्षा तो आहे काय, याची नोंद करायची, हे तत्त्व तिन्ही ठिकाणी एकच. मतभेद सुरू होतात ते पुढे. मॅन्युअलचा मूळ घटक कोणता? एस१०००डीच्या लेखी डेटा मोड्यूल, डिटाच्या लेखी टॉपिक आणि डॉकबुकच्या लेखी पुस्तक. बाकीची सारी तुलना याच उत्तरावर उभी आहे.

एस१०००डी युरोपातल्या विमान उद्योगाची. तिचा नमुना डेटासंच मात्र साध्या सायकलचा आहे. सायकलचा एखादा भाग काढण्याची कृती हे एक डेटा मोड्यूल आणि तोच भाग बसवण्याची कृती हे दुसरे. पहिल्याच्या संकेतांकात ५२० येतो, दुसऱ्याच्या ७२०. संकेतांक वाचला की भाग कोणता आणि काम कोणते, हे उघडण्याआधीच कळते. विमान तीस-तीस वर्षे उडते आणि प्रत्येक विमानाची जडणघडण थोडी वेगळी असते. तिथे ही शिस्त हवीच. त्या क्षेत्राबाहेर तिचा भार कोणी उगाच उचलू नये.

डिटा आयबीएमने २००१मध्ये जगापुढे आणली आणि २००५मध्ये ती ओएसिसचे मानक झाली. कन्सेप्ट, टास्क, रेफरन्स अशी टॉपिकांची विभागणी, त्यांना ओवणारा मॅप आणि एकदा लिहिलेला परिच्छेद हव्या त्या ठिकाणी खेचून आणणारा कॉनरेफ, ही तिची बलस्थाने. एकाच यंत्राची अनेक मॉडेले असतील आणि अनुवाद अनेक भाषांत होणार असेल, तर तिचा फायदा खरा आहे.

पण गेली वीस वर्षे काही सल्लागार मंडळी प्रत्येक कंपनीला एकच औषध देत आली: डिटा घ्या, रियूज वाढेल. ज्या कंपनीचे एकच उत्पादन आणि एकच मॅन्युअल, तिथे रियूज कशाचा करणार? अशा ठिकाणी सलग प्रकरणाचे शेकडो टॉपिक होतात, आधीच्या पानावर काय सांगितले याचे भान कोणत्याच टॉपिकला उरत नाही आणि वाचक तुकडे जोडत बसतो. डॉकबुकला टॉपिक जमत नाहीत, हा या मंडळींचा आवडता आक्षेपही २०१६च्या ५.१ आवृत्तीने निकालात काढला आहे. तीत टॉपिक आहे आणि असेंब्लीही आहे.

डॉकबुकचा जन्म १९९१चा, हॅल कम्प्युटर सिस्टम्स आणि ओरायली यांच्या घरचा. १९९९मध्ये नॉर्मन वॉल्श आणि लेनर्ड म्युलनर यांचे ‘डॉकबुक: द डेफिनिटिव्ह गाइड’ आले आणि एका पिढीने ते हाताशी ठेवूनच हे काम शिकून घेतले. टॅग फार, ही तक्रार तेव्हापासूनची. पण फाइलचे नाव, कमांड, एरर कोड, मेनूतली निवड, एकत्र दाबायच्या कळा यांना स्वतंत्र टॅग आहेत, कारण सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये याच गोष्टी पानोपानी येतात. सगळ्या ठिकाणी नुसते ठळक अक्षर वापरले, तर उद्या त्यातून फक्त एरर कोड वेचून काढणार कसे?

या शिस्तीचे फळ पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पाहावे. ‘सिलेक्ट’ कमांडचे पान तिथे ‘रेफएंट्री’ या टॅगात लिहिलेले आहे. नाव, एका ओळीचे प्रयोजन, वाक्यरचना, मग तपशील, असा त्याचा क्रम. त्या एकाच फाइलीतून संकेतस्थळावरचे पान तयार होते आणि युनिक्सचे मॅन पेजही. पीएसक्यूएलमध्ये मदत मागितल्यावर पडद्यावर येणारी वाक्यरचनासुद्धा त्याच फाइलीतून उचललेली असते. वाक्यरचना बदलली की रायटर एकाच जागी दुरुस्ती करतो. हाही रियूजच आहे, आणि त्यासाठी पुस्तक मोडावे लागलेले नाही.

आज वारे उलटे आहे. लिनक्स कर्नलने २०१६पासून डॉकबुक सोडायला सुरुवात केली, फ्रीबीएसडी २०२१मध्ये ॲस्कीडॉकवर गेले. ॲस्कीडॉकचे निदान डॉकबुकशी नाते आहे. तिच्यातून डॉकबुक सरळ काढता येते. मार्कडाउनचे तसे नाही. मूळ मार्कडाउनमध्ये धोक्याची सूचना लिहायला वेगळी जागाच नाही, म्हणून जो तो आपापली खूण ठरवतो. टूल बदलले की त्या खुणा निरर्थक होतात आणि विजेचा धक्का बसेल ही सूचना साध्या परिच्छेदात विरून जाते. त्यात २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन दिवाळखोरीत निघून बंद पडली. १९५३पासून या पेशाला परिषदा, नियतकालिके आणि ओळख देणारी संस्था गेली, आणि तिची जागा घेणारे अजून कोणी दिसत नाही.

पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत नव्याने येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात टूलचे प्रशिक्षण मिळते, रचनेचे मिळत नाही. त्यांनी पोस्टग्रेएसक्यूएलचा सोर्स उतरवून घ्यावा, त्यातली ‘सिलेक्ट’ची फाइल उघडावी आणि प्रत्येक टॅग तिथे का आहे, हे वरिष्ठांना विचारावे. वरिष्ठांनीही त्या प्रश्नांसाठी वेळ काढावा.