शिकण्याची उमेद : लेखांक 6
धीर कुठे सुटतो?

दहावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीच्या चौकात गुणवंतांच्या अभिनंदनाचे फलक लागतात. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण ज्याचं नाव त्या फलकावर कधीच येणार नाही, त्या मुलाबद्दल घरात आणि शाळेत एकच निदान ठरलेलं असतं : ‘त्याला शिकायची इच्छाच नाही.’ मागच्या लेखांकात आपण बक्षिसांच्या मर्यादा पाहिल्या; आज हे निदान तपासू. माझ्या मते ते चुकीचं आहे. वही मिटून बसलेलं मूल बहुधा आळशी नसतं. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, हे त्यानं चार-पाच वर्षांच्या अनुभवातून ताडलेलं असतं, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. तिसरीत भागाकार हातचा सुटला, तर सातवीतलं बीजगणित कितीही घोकलं तरी उमगत नाही.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 साली कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. टाळताच न येणारे विजेचे झटके सोसलेली बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागची हलली नाहीत. ही हतबलता शिकलेली असते, असं तेव्हा मानलं गेलं. जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी मेंदूच्या अभ्यासावरून आपलं म्हणणं उलटं करून मांडलं : दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं ही मूळचीच प्रतिक्रिया असते, शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं काही बदलतं’ हे. प्राण्यांवरून मुलांकडे येताना जपून बोलायला हवं, हे मान्य. तरीही शिक्षकानं हा बदल मनावर घ्यावा असा आहे. उमेद ही मुलात आधीच असायला हवी अशी अट नव्हे, तीही शिकवण्याच्या कामाचाच भाग आहे. आणि ती भाषणातून येत नाही, हातून काही जमल्याच्या अनुभवातून येते.

याचा पुरावा आपल्या जवळच आहे. ‘प्रथम’ संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली तरुणी. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन ती त्यांना अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी शिकवी, म्हणजे जिथे गाडी अडली होती तिथून. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी याचं काटेकोर मोजमाप करून 2007 साली निष्कर्ष छापले. गुण वाढले, आणि वाढले ते मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांचे. ही मुलं वर्गाबाहेर गेल्यानं मागे उरलेल्यांचा वर्ग लहान झाला, पण त्यांना त्याचा म्हणावा तसा लाभ झाला नाही. माझ्या दृष्टीनं सगळ्यात बोलका भाग हाच. मुलं तीच, घरंही तीच. बदलली ती शिकवण्याची सुरुवातीची पायरी.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्या फायद्यातला बराच भाग ओसरला. मग उपयोग काय? मला वाटतं, यातून पायरी चुकली असं सिद्ध होत नाही, आधार लवकर काढून घेतला असं दिसतं. दुसरा आक्षेप पालकांचा : मागचं शिकवत बसलो तर यंदाचा अभ्यासक्रम कसा संपणार? पण समजलंच नाही ते संपलं असं कसं म्हणायचं? तिसरा आक्षेप अधिक खोल आहे : परिस्थितीच आड येते, तिथे शिक्षक काय करणार? त्याचं उत्तर याच शहरात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली इथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे नागसेनवनातलं मिलिंद. ज्यांच्या घरात कुणी शाळा पाहिली नव्हती, त्यांना केवळ जिद्दीचे धडे देऊन ते थांबले नाहीत. वर्गखोल्या, ग्रंथालय, वसतिगृह उभं राहिलं. इच्छेला पाय टेकायला जमीन लागते.

दहावीची पुरवणी परीक्षा 2015 पासून ऑक्टोबरची वाट न पाहता निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होऊ लागली. ते थोडके आठवडे पुन्हा त्याच गाइडच्या पारायणात घालवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी मुलासमोर कोरा कागद ठेवून अपूर्णांकाची चार गणितं सोडवून घ्यावीत, आणि कुठल्या ओळीवर पेन्सिल थांबते ते पाहावं. तिथूनच सुरुवात करायची आहे. ते कसं, ते पुढच्या आठवड्यात.