खलनायकांचा भाव

१९४० सालच्या वसंतात अमेरिकेत 'बॅटमॅन' या मासिकाचा पहिला अंक निघाला. किंमत दहा सेंट. त्याच अंकात जोकर हा पांढऱ्या चेहऱ्याचा, हिरव्या केसांचा खुनी पहिल्यांदा वाचकांसमोर आला. त्याला त्याच अंकाच्या शेवटी मारून टाकायचे ठरले होते. चित्रे तयारही झाली होती. पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना वाटले, इतका चांगला बदमाश एका अंकात वाया का घालवायचा? त्यांनी शेवटी एक चौकट वाढवून घेतली आणि जोकर वाचला. त्या अंकाची उत्तम स्थितीतली एक प्रत जानेवारी २०२१ मध्ये हेरिटेज या लिलावगृहात २२ लाख २० हजार डॉलरला गेली.

जुन्या कॉमिक्सच्या बाजारात खलनायकांना हल्ली फार मान आहे. नायकांचे पहिले अंक सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेले. सुपरमॅन ज्यात प्रथम आला तो जून १९३८ चा 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकला गेला. मग शौकीन लोकांनी शत्रूंकडे मोर्चा वळवला. लेक्स लूथर (१९४०), पेंग्विन (१९४१), रिडलर (१९४८), फँटॅस्टिक फोरच्या पाचव्या अंकातला डॉक्टर डूम (१९६२), स्पायडरमॅनच्या चौदाव्या अंकातला ग्रीन गॉब्लिन (१९६४), आयर्न मॅनच्या पंचावन्नाव्या अंकातला थॅनोस (१९७३). या धंद्यात 'पहिले दर्शन' हाच मोठा मंत्र आहे. तोच खलनायक दुसऱ्या वेळी ज्या अंकात आला, त्याला त्यामानाने फार कमी किंमत मिळते.

हे अंक महाग का? मुले ते वाचून फेकून देत, हे पहिले कारण. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि घराघरांतले गठ्ठे रद्दीत गेले. युद्धानंतर कॉमिक्समुळे मुले बिघडतात अशी ओरड सुरू झाली आणि काही गावांत त्यांच्या होळ्याही झाल्या. १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटने चौकशी केली. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, शेवटी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे, असे तिच्यात लिहिले होते. आम्हा शिक्षकमंडळींना हे कलम पसंत पडेल! पण ज्या बदमाशांना बदनाम केले, त्यांचेच कागद आज तिजोरीत आहेत. शिवाय तो कागदही हलका, वर्तमानपत्री. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो, पिना गंजतात. म्हणून चांगल्या स्थितीतली जुनी प्रत दुर्मीळ.

आता हिशेब. वर सांगितलेली जोकरची प्रत तिच्या मालकाने १९७९ मध्ये ३ हजार डॉलरला घेतली होती. बेचाळीस वर्षांत ७४० पट झाले. ऐकून डोळे विस्फारतात. दरसाल चक्रवाढ दराने मांडले तर हे साधारण सतरा टक्के पडते. चांगलेच आहे, पण जादू नव्हे. आणि २२ लाख २० हजार ही खरेदीदाराने दिलेली रक्कम. लिलावगृहाचे खरेदीदारावरचे वीस टक्के शुल्क वगळले तर साडेअठरा लाख उरतात. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागतो. शेअरवरच्या कमाल दरापेक्षा तो जास्त आहे. भाडे नाही, व्याज नाही, लाभांश नाही. विकेपर्यंत हा कागद एक पैसा देत नाही. आणि हे गणित जगातल्या उत्तमोत्तम प्रतींपैकी एकीचे आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी न्यू जर्सीत राहते. तिने मागच्या वर्षी विचारले, "सर, हे म्हणतात मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशांतून व्हेनमचे अंक घेऊ. घेऊ द्यायचे का?" व्हेनम म्हणजे स्पायडरमॅनचा काळा शत्रू. १९८८ च्या तीनशेव्या अंकात तो पूर्णपणे अवतरला आणि त्या अंकाला आजही चांगला भाव आहे. मी तिला सांगितले, आधी अंक किती छापला गेला ते पाहा. तोपर्यंत लोकांना कळून चुकले होते की कॉमिक्स जपून ठेवायची असतात, त्यामुळे त्याच्या स्वच्छ प्रती हजारोंनी उपलब्ध आहेत. जे सगळेच जपतात ते दुर्मीळ राहत नाही. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक निघाला, त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. खलनायक मॅग्नेटो त्यात आहे, चित्रकार नावाजलेला आहे, लोकांनी पाच-पाच प्रती घेऊन ठेवल्या. आज तो काही डॉलरांत मिळतो. तो फुगा फुटला तेव्हा असंख्य दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कॉलेजची फी ठरलेल्या तारखेला भरावी लागते, आणि त्या तारखेला गिऱ्हाईक असेलच असे नाही. एवढेच मी तिला लिहिले. पुढचे त्यांचे ते ठरवतील.

सिनेमाचीही एक गंमत आहे. एखादा खलनायक पडद्यावर येणार अशी कुणकुण लागली की त्याचा पहिला अंक वर चढतो, आणि सिनेमा लागून गेला की बऱ्याचदा खाली येतो. हार्ली क्विन तर उलट्या वाटेने आली. ती १९९२ मध्ये आधी टीव्हीवर आली आणि मग १९९३ च्या एका स्वस्त मुलांच्या अंकात उतरली. तो अंक कुणी जपला नाही. म्हणूनच आज त्याच्या चांगल्या प्रतीला शेकडो डॉलर पडतात.

प्रतीची पारख २००० सालापासून सीजीसी नावाची कंपनी करते. ०.५ ते १० पर्यंत गुण देते आणि अंक पारदर्शक पेटीत बंद करते. निळी पट्टी म्हणजे मूळ स्थिती, जांभळी म्हणजे डागडुजी केलेली प्रत. जांभळ्याचा भाव बराच कमी. पेटीवरही डोळे झाकून भिस्त ठेवू नये. पेट्या बदलून आत हलकी प्रत घालण्याचा प्रकार २०२३ च्या अखेरीस उघडकीस आला होता.

या सगळ्या लाखांच्या उलाढालीत ज्यांनी ही पात्रे घडवली, त्यांच्या वाट्याला काय आले? जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले. ती रक्कम ज्या धनादेशात होती, तो धनादेशच २०१२ मध्ये १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. बॅटमॅन आणि जोकर घडवण्यात मोठा वाटा असलेले लेखक बिल फिंगर १९७४ मध्ये गरिबीत वारले. बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव यायला २०१५ साल उजाडले.

आपल्याकडे १९६४ पासून निघालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चे मराठी अंकही शौकीन शोधत असतात, पण त्यांत वेताळ आणि मँड्रेक यांचे राज्य होते. जोकरचा बाजार अमेरिकेचाच. तिथे राहणाऱ्या कुणा नातलगाला छंद म्हणून काही घ्यायचे असेल तर एक सावधगिरी सांगावीशी वाटते. सत्तरच्या दशकात बॅटमॅन आणि सुपरमॅनच्या पहिल्या अंकांची मोठ्या आकाराची पुनर्मुद्रणे निघाली होती. त्यांचे बाहेरचे वेष्टन काढून टाकले की आतले मुखपृष्ठ हुबेहूब मुळासारखे दिसते, आणि आजही ती भोळ्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारली जातात. खरेदीला जाताना फूटपट्टी खिशात असू द्यावी. मूळ अंक साधारण साडेसात-पावणेआठ इंच रुंद असतो, पुनर्मुद्रण चांगले दहा इंच भरते.