मोठ्या देशातला लांबचा प्रवास : इलेक्ट्रिक गाडी चालेल का?



"इलेक्ट्रिक गाडी गावात फिरायला ठीक, पण लांब जायचं तर पेट्रोलचीच हवी." हे वाक्य तुम्ही घरी कधीतरी ऐकलं असेल. ते कितपत खरं आहे? आज थोडं गणित करून बघू. उदाहरण घेऊ ऑस्ट्रेलियाचं, कारण तिथे या गाड्यांची खरी परीक्षा होते.

रस्ता कसा आहे?

पर्थ ते ॲडलेड हे अंतर सुमारे २७०० किमी आहे. आपल्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किमी. म्हणजे जवळपास चौपट! वाटेत नलारबोर नावाचं विशाल पठार लागतं. या लॅटिन नावाचा अर्थच 'एकही झाड नाही' असा आहे. इथल्या आयर महामार्गावर १४६.६ किमीचा एक पट्टा अगदी सरळ आहे, एकही वळण नाही. गावं जवळजवळ नाहीतच. अधूनमधून 'रोडहाऊस' लागतात. तिथे इंधन, जेवण आणि मुक्कामाची सोय असते. विजेच्या तारा मात्र या भागात पोचलेल्या नाहीत, रोडहाऊसला आपली वीज आपणच तयार करावी लागते.

आता गणित करू

समजा, गाडीच्या बॅटरीत ६० युनिट वीज मावते. (घरच्या वीजबिलात असतं तेच युनिट.) महामार्गावर १०० किमीला १८ युनिट लागतात असं धरू. पूर्ण बॅटरीत गाडी ३३३ किमी जाईल. पण प्रवासात कोणी बॅटरी शून्यापर्यंत नेत नाही. शिवाय ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग बराच मंदावतो, म्हणून लोक साधारण ८० टक्क्यांवर पुढे निघतात. ८० ते १० टक्के म्हणजे ४२ युनिट. त्यात अंतर कापलं जातं २३३ किमी.

या महामार्गावर बॅलाडोनिया ते कैगुना ही दोन रोडहाऊस सुमारे १८२ किमी अंतरावर आहेत. म्हणजे जमलं की! पण थांबा, वारा विसरलो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० किमीने गेलात तर हा विरोध जवळपास दुप्पट होतो. त्यात वारा समोरून आला आणि १०० किमीला २२ युनिट लागू लागले, तर तेच २३३ किमी आता १९१ होतात. कैगुना गाठता येईल, पण काठावर. आणि तिथला चार्जर बंद असेल तर? पुढचं रोडहाऊस आणखी सुमारे ६५ किमीवर, म्हणजे एकूण २४७ किमी. बॅटरी शून्यापर्यंत नेली तरी गाडी २१८ किमीवर थांबेल. उघड्या माळावर, भर उन्हात!

इथेच मुख्य मुद्दा येतो. अडचण देशाच्या आकाराची नाही, दोन चार्जरमधल्या अंतराची आहे. एक चार्जर बंद पडला तरी पुढचा गाठता आला पाहिजे.

तळणीच्या तेलावर चार्जिंग

कैगुनाची गोष्ट मजेशीर आहे. जॉन एडवर्ड्स या निवृत्त अभियंत्याने २०२२ मध्ये तिथे एक चार्जर बसवला. रोडहाऊसमध्ये बटाट्याच्या चिप्स तळून उरलेलं तेल गाळायचं, त्यावर जनित्र चालवायचं आणि त्या विजेने गाड्या चार्ज करायच्या! नंतर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य सरकारनेही उत्तरेच्या कुनुनुरापासून आग्नेयेच्या युक्लापर्यंत चार्जरचं जाळं उभारलं.

वेळेचं काय? एवढ्या प्रवासात चार्जिंगसाठी दहा-बारा वेळा थांबावं लागेल. चार्जर मध्यम क्षमतेचा असेल तर दर वेळी जवळपास तासभर जातो, वेगवान असेल तर त्याहून बराच कमी. पण दोन तास गाडी चालवल्यावर विश्रांती घ्यावी असं तज्ज्ञ सांगतातच. २३३ किमी जायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

मग हायब्रिड घ्यावी का?

साध्या हायब्रिडमध्ये इंजिन आणि मोटर दोन्ही असतात. ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा ती वीज म्हणून साठवते. त्यामुळे सिग्नल आणि गर्दीच्या शहरात तिचा फायदा मोठा. पण १४६ किमी सरळ रस्त्यावर ब्रेक लावणार किती वेळा? तिथे बचत कमी होते. मात्र पेट्रोल पाच मिनिटांत भरता येतं, अडकून पडण्याची भीती नाही. प्लग-इन हायब्रिड रोजचे थोडे किलोमीटर विजेवर आणि लांबचा प्रवास पेट्रोलवर करते, पण बॅटरी संपली की तिचं ओझंही इंजिनलाच ओढावं लागतं.

थोडक्यात

रोज गावातल्या गावात फिरणं आणि वर्षातून एक-दोन लांबचे प्रवास, तेही चार्जर असलेल्या रस्त्याने, असं असेल तर इलेक्ट्रिक गाडी पुरते. वारंवार निर्जन भागात जायचं असेल तर आज तरी हायब्रिड निर्धास्त.

करून बघा : समृद्धी महामार्गावर कारची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. ताशी ९० ने गेलात तर हवेचा विरोध किती पटीने कमी होईल? वर्ग काढा आणि भागाकार करा. उत्तर आलं की घरी तुमच्या ड्रायव्हरला नक्की सांगा!