कोपराची प्रश्नावली मराठीत आणताना

अहवाल वर्षातील जमाखर्चात अस्थिरोग विभागाच्या नावे ‘प्रश्नावली भाषांतर व पडताळणी’ अशी एक नवी बाब आढळेल. चार कागद मराठीत करावयास खर्च कसला, असे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत विचारले गेले. प्रश्न रास्त होता. गतवर्षी मीही तेच म्हणालो होतो.

कोपराची शस्त्रक्रिया सफल झाली की नाही, हे केवळ क्ष-किरण चित्रावरून ठरत नाही. हाड जुळले तरी रात्री झोप लागते का, अंगात कपडे घालता येतात का, हे रुग्णच सांगू शकतो. त्यासाठी इंग्लंडमध्ये तयार झालेली ‘ऑक्सफर्ड एल्बो स्कोअर’ ही प्रश्नावली २००८ साली प्रसिद्ध झाली. वेदना, कोपराचा वापर आणि मानसिक-सामाजिक परिणाम अशा ३ गटांत मिळून तीत १२ प्रश्न असून प्रत्येक उत्तरास ० ते ४ गुण आहेत. गुण अधिक म्हणजे कोपर बरे. (‘डॅश’ या ३० प्रश्नांच्या दुसऱ्या प्रश्नावलीत नेमके उलट, गुण अधिक म्हणजे त्रास अधिक. जमा आणि नावे यांची अदलाबदल व्हावी तसे!)

परवानगीचाही विचार न करता मी एका दुपारी हे भाषांतर उरकले. कोपराच्या त्रासाने आयुष्याचा ताबा घेतल्यासारखे वाटते का, अशा आशयाचा एक प्रश्न त्यात आहे. मी ‘जीवनावर नियंत्रण’ असे लिहिले. कोपर मोडलेल्या एका आजींनी उत्तर दिले, “नियंत्रण देवाचं, बाळा. कोपराचं कसलं?” परिचारिकेने ‘कधीच नाही’ या चौकटीत खूण केली आणि आजींना पूर्ण ४ गुण मिळाले. प्रत्यक्षात स्वतःची वेणी घालण्यासाठीही त्यांना सुनेची वाट पाहावी लागत होती. ती बेरीज येथे छापली गेली असती, तर देणगीदारांपुढे मी खोटा हिशेब ठेवला असता.

आता हक्कधारकांकडे रीतसर परवानगी मागून काम नव्याने हाती घेतले आहे. बीटन व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार दोघे अनुवादक स्वतंत्रपणे मराठी करतात. त्यांपैकी एक विषयाचा जाणकार, तर दुसरा अनभिज्ञ असतो. दोन्ही अनुवादांचा मेळ घातल्यावर मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करून घेतात. वाणिज्य शाखेच्या माणसाला हा ताळा चटकन उमगतो. मग तज्ज्ञांची समिती शब्दाशब्दावर बसते. दुखणे, ठणका, कळ आणि सणक यांतून एक शब्द निवडण्यातच एक बैठक संपली. त्यापुढे ३० ते ४० रुग्णांना प्रश्नाचा अर्थ काय समजला, हे विचारले जाते.

एवढ्यावर भागत नाही. प्रकृतीत फरक नसलेल्या रुग्णाने काही दिवसांनी पुन्हा उत्तरे दिली, तर गुण जवळपास तेच यावयास हवेत. उपचाराने सुधारणा झाली असल्यास ती गुणांत दिसली पाहिजे. एकाच वस्तूचे दरवेळी निराळे वजन दाखविणारा काटा आपण दुकानात ठेवणार नाही.

रुग्णांच्या आप्तांना एक विनंती आहे. उत्तरे रुग्णालाच देऊ द्यावीत. अक्षरओळख नसल्यास परिचारिका प्रश्न वाचून दाखवील.

तपासणीस आल्या असता त्या आजींना मी तोच प्रश्न साध्या बोलीत विचारला. त्या म्हणाल्या, “सगळं या हातापायीच अडलंय बघ.” ‘अडणे’ हा शब्द आता समितीपुढे आहे. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोपराच्या रुग्णांचे गुण या अहवालात दिलेले नाहीत.