आयएनएस शिवाजी

आयएनएस शिवाजी हे भारतीय नौदलाचे सागरी अभियांत्रिकीचे प्रमुख प्रशिक्षण केंद्र आहे. ते महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात आहे. नौदलाच्या परंपरेनुसार किनाऱ्यावरील तळांनाही जहाजांप्रमाणे नाव दिले जाते. त्यामुळे समुद्रापासून दूर, सुमारे ६२५ मीटर उंचीवर असूनही हे केंद्र 'आयएनएस' म्हणून ओळखले जाते. युद्धनौकांची इंजिने, जनित्रे व इतर यंत्रसामग्री चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि नौसैनिकांना येथे प्रशिक्षण दिले जाते.

परिसर

लोणावळा व वलवण हा भाग सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, मुंबई-पुणे मार्गावर वसला आहे. इंद्रायणी नदीचा उगम कुरवंडे येथे होतो. भुशी धरणाकडून टायगर पॉइंटकडे जाणारा रस्ता नौदलाच्या हद्दीजवळून जातो. यंत्रविद्येशी या परिसराचा संबंध नौदलाच्याही आधीचा आहे. टाटा समूहाच्या जलविद्युत योजनेत वलवण, लोणावळा व शिरोटा येथे तलाव बांधण्यात आले. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन १९१५ पासून मुंबईला वीजपुरवठा सुरू झाला.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीचा झपाट्याने विस्तार झाला आणि जहाजांवर यंत्रे चालवणाऱ्या प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज वाढली. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी हे केंद्र 'एचएमआयएस शिवाजी' या नावाने कार्यान्वित झाले. भारत प्रजासत्ताक झाल्यावर, २६ जानेवारी १९५० पासून, ते 'आयएनएस शिवाजी' झाले. १३ फेब्रुवारी २०२० रोजी, केंद्राच्या अमृतमहोत्सवानिमित्त, तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्यास 'राष्ट्रपतींचे निशाण' प्रदान केले.

प्रशिक्षण

प्रशिक्षणात डिझेल इंजिने, गॅस टर्बाइन, बाष्पयंत्रणा, शीतकरण यंत्रणा व देखभाल-दुरुस्ती यांचा समावेश होतो. जहाजाला आग लागल्यास किंवा पाणी शिरल्यास करायचे नुकसान-नियंत्रण हाही महत्त्वाचा भाग आहे. अण्वस्त्र, जैविक व रासायनिक हल्ल्यापासून बचावाचे प्रशिक्षण देणारी 'अभेद्य' ही सुविधा ७ फेब्रुवारी २०१९ रोजी तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांच्या हस्ते सुरू झाली. ती गोवा शिपयार्डने उभारली आहे. सागरी अभियांत्रिकीसाठीचे उत्कृष्टता केंद्रही याच परिसरात आहे.

स्वदेशीकरण आणि इंजिनांचा प्रश्न

नौदलाच्या स्वदेशीकरणाचा विचार तीन गटांत केला जातो: तरंगणे, हालचाल आणि लढणे. नौदलाने जाहीर केलेल्या अंदाजांनुसार पहिल्या गटात, म्हणजे जहाजाचा सांगाडा, पोलाद व अंतर्गत रचना यांत, सुमारे ९० टक्के स्वदेशीकरण झाले आहे. हालचालीच्या गटात हे प्रमाण सुमारे ६० टक्के आहे, तर शस्त्रे व संवेदक यांच्या गटात त्याहून कमी आहे. हालचालीचा गट हाच आयएनएस शिवाजीच्या अभ्यासाचा विषय आहे.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे कार्यान्वित झालेल्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेत एकूण स्वदेशी घटक ७६ टक्के आहेत. तरीही तिची चारही एलएम-२५०० गॅस टर्बाइन मूळ अमेरिकी रचनेची आहेत. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गातील विनाशिकांची टर्बाइन युक्रेनी आहेत. आयएनएस निलगिरी या फ्रिगेटमध्ये संथ प्रवासासाठी डिझेल इंजिने व वेगासाठी गॅस टर्बाइन, अशी जोडयंत्रणा आहे. तिच्याही यंत्रांचे मूळ परदेशी आहे.

अशा अवलंबनाचा परिणाम रशियात बांधलेल्या आयएनएस तुशिल या फ्रिगेटच्या बाबतीत स्पष्ट दिसला. २०१४ नंतर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणे थांबवले. त्यामुळे भारताने ती युक्रेनकडून स्वतः विकत घेऊन रशियन गोदीला पुरवली. ही नौका ९ डिसेंबर २०२४ रोजी कालिनिनग्राद येथे नौदलात दाखल झाली. दोन देशांतील संघर्षामुळे तिसऱ्या देशाची जहाजबांधणी कशी अडू शकते, हे या उदाहरणातून कळते. सुटे भाग व मोठी दुरुस्ती यांसाठीही मूळ उत्पादकावरचे हे अवलंबन जहाजाच्या संपूर्ण आयुष्यभर टिकते.

महाराष्ट्रातील प्रयत्न

२ एप्रिल २०२५ रोजी नौदलाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीला ६ मेगावॉट क्षमतेच्या मध्यमगती सागरी डिझेल इंजिनाची रचना व विकास करण्यासाठी मंजुरी आदेश दिला. या प्रकल्पाचा खर्च २७० कोटी रुपये असून त्यातील ७० टक्के वाटा केंद्र सरकारचा आहे. पहिल्या नमुन्यात ५० टक्क्यांहून अधिक स्वदेशी घटक अपेक्षित आहेत. ३ ते १० मेगावॉट क्षमतेच्या इंजिनांची सविस्तर रचनाही याच प्रकल्पात होणार आहे. ही इंजिने नौदल व तटरक्षक दलाच्या जहाजांवर मुख्य चालनासाठी आणि वीजनिर्मितीसाठी वापरण्याचा उद्देश आहे.

पाणबुड्यांसाठी अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने इंधनघटावर आधारित वायुनिरपेक्ष चालनयंत्रणा विकसित केली आहे. डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटरी भारित करण्यासाठी पृष्ठभागाजवळ येऊन बाहेरची हवा घ्यावी लागते. शत्रूला तिचा माग लागण्याचा धोका त्या वेळी सर्वाधिक असतो. नवी यंत्रणा बाहेरच्या हवेशिवाय वीज निर्माण करत असल्याने पाणबुडी अधिक काळ पाण्याखाली राहू शकते. यंत्रणेच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी ८ मार्च २०२१ रोजी यशस्वी झाली. ती कलवरी वर्गातील पाणबुड्यांत बसवण्यासाठी ३० डिसेंबर २०२४ रोजी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार करण्यात आला. या वर्गातील सहावी पाणबुडी आयएनएस वाघशीर ही विनाशिका सुरत व फ्रिगेट निलगिरी यांच्यासह १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात सामील झाली. या तिन्ही नौका माझगाव डॉकमध्येच बांधल्या गेल्या.

हेही पाहा

भारतीय नौदल
माझगाव डॉक शिपबिल्डर्स
आयएनएस विक्रांत
लोणावळा
वलवण धरण